अक्षर बदललंय

“त्या असं करत नसत.”

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी आमच्या वाचनगटातल्या सगळ्यांत वयस्कर बाई एवढंच बोलल्या आणि पुस्तक मिटून त्यांनी मांडीवर ठेवलं. बाहेर अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याचा हिवाळी पाऊस होता, पडतोय की नुसता हवेत थांबलाय हे कळू न देणारा. लायब्ररीच्या मागच्या खोलीत आम्ही नऊजणी गोल बसलो होतो. मध्ये कॉफीचा थर्मास, कुणीतरी घरून करून आणलेला केळ्याचा केक, खुर्च्यांच्या पाठींवर ओले कोट. त्या महिन्याचं पुस्तक म्हणजे १८५० च्या आसपास मिसुरीहून बैलगाडीने ऑरेगनला निघालेल्या एका बाईची कादंबरी. तिच्या मध्यावर एक प्रसंग आहे. नदीकाठी नायिका गाडीतून उतरते, मुलांना जवळ ओढते आणि नवऱ्याला सांगते, मी इथून एक पाऊल पुढे टाकणार नाही. निघताना मला विचारलं होतंस का? पुढे दीड पान ती बोलत राहते. गटातल्या तरुण मुलींना तो प्रसंग फार आवडला होता. एकीने तो मोठ्याने वाचून दाखवला, वाचताना तिचा आवाज भरून आला. ती थांबली, सगळ्या गप्प होत्या, आणि तेवढ्यात हे वाक्य आलं. बाईंचं वय ऐंशीच्या पुढचं. त्यांचे पूर्वज त्याच वाटेने आलेले. इथल्या जुन्या दफनभूमीत त्यांच्या घराण्याच्या दगडांची एक अख्खी ओळ आहे. त्यांना उलट कोण काय बोलणार? विषय पुढच्या महिन्याच्या पुस्तकाकडे वळला.

मी घरी आले, भाताचा कुकर लावला, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

या कादंबऱ्यांचा नाद मला इथे आल्यावर लागला. २००१ साली लग्न होऊन आले तेव्हा माझा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला होता. नोकरी करायला परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही. घरापासून चालत जाण्याजोगी जागा एकच, लायब्ररी. तिथे स्थानिक इतिहासाच्या कपाटाशेजारी एक अख्खा खण या बायकांचा होता. मुखपृष्ठं बहुतेक सारखीच: वाऱ्यावर उडणारा झगा, पाठमोरी बाई, समोर नजर पोचेल तिथवर पिवळं गवत. मी ओळीने वाचत सुटले. माझा प्रवास आणि त्यांचा प्रवास एका मापाने मोजता येणार नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. मी विमानात बसून दीड दिवसात आले. त्या पाच-सहा महिने, दोन हजार मैल आणि बरीचशी वाट पायी, कारण गाडी सामानाने भरलेली असे आणि बैलांवर माणसांचं ओझं टाकायचं नसे. तरी एक गोष्ट पहिल्या पुस्तकापासून ओळखीची वाटली. जायचं कुणी ठरवलं आणि सामान कुणी बांधलं.

सामान बांधण्याचं वर्णन आलं की मी अजूनही पान उलटायची थांबते. गाडीचा साटा साधारण दहा फूट लांब आणि चार फूट रुंद. त्यात माणशी दीडशे-दोनशे पौंड पीठ, खारवलेलं मांस, कॉफी, सुकवलेली सफरचंदं, साबण, मेणबत्त्या, औषधांची पेटी. अंडी मक्याच्या पिठात पुरून ठेवायची म्हणजे फुटत नाहीत. उरलेल्या जागेत गोधड्या, बियाण्यांच्या पुरचुंड्या, एखादी आरामखुर्ची, आईने लग्नात दिलेल्या बश्या. पुढे चढ लागला, बैलांची हाडं दिसायला लागली, की हेच सामान एकेक करून वाटेच्या कडेला उतरवायचं. वाटेवरच्या फोर्ट लारामी या ठाण्याच्या आसपास अशा टाकलेल्या बिडाच्या चुली, ट्रंका आणि कपाटं पडलेली असत. मागून येणारी बाई ती बघत पुढे जाई आणि आपल्या गाडीतलं यानंतर काय जाणार याचा मनात हिशेब करत असे. माझ्या बॅगेत आईने बळेच घातलेला पितळी खलबत्ता मुंबईच्या विमानतळावर वजनात बसेना म्हणून काढावा लागला होता. भावाने तो पोटाशी धरून परत नेला. काचेपलीकडून जाणारी त्याची पाठ मला आजही जशीच्या तशी दिसते.

प्लॅट नदीच्या काठाने मैलोन् मैल झाड नाही. सरपण म्हणजे बायसनच्या वाळलेल्या शेणाच्या चकत्या. कादंबऱ्यांमधल्या नायिकेला इथे हमखास किळस येते. ती दोन बोटांच्या चिमटीत शेण उचलते आणि चार दिवसांनी सरावते. मला त्या जागी आजीच्या रानशेण्या आठवतात. गुरं चरून गेलेल्या माळावर उन्हाने आपोआप वाळलेलं शेण ती पाटीत गोळा करायची. थापलेल्या गोवरीपेक्षा ते हलकं, त्याचा धूर कमी, आणि हाताला लागायचा तो नुसता सुक्या गवताचा वास. किळस कसली? पावसाच्या आधी पाटी भरली की आजीच्या चेहऱ्यावर समाधान असायचं. त्या बायकांनाही ते समाधान मिळालं असणार असं मला वाटतं, आणि कादंबरीत ते कुठेच सापडत नाही म्हणून चुकल्यासारखं होतं. दुसरी एक गोष्ट मात्र सगळ्याजणी आवडीने सांगतात. सकाळी काढलेलं दूध बादलीत घालून गाडीखाली टांगायचं. दिवसभर गाडी इतके हिसके खायची की मुक्कामाला पोचेपर्यंत लोण्याचा गोळा वर आलेला असायचा. आणि तिसरी, जी फार थोड्याजणी सांगतात. झाडझुडूप नसलेल्या माळावर आडोसा कुठला? चारपाच बायका बाहेर तोंड करून गोल उभ्या राहत, झगे दोन्ही हातांनी पसरत, आणि मधली बाई मोकळी होई. तांड्यात एकटीच बाई असेल तर तिने काय करायचं, हा प्रश्न मला नदीच्या पुरापेक्षा आणि वादळापेक्षा जास्त छळतो.

मग पटकी. १८४९ पासून पुढची तीनचार वर्षं ती वाट म्हणजे पटकीची वाट होती. एकाच मुक्कामावर हजारो माणसं येऊन जायची, तिथलंच पाणी प्यायची. सकाळी चालणारं माणूस संध्याकाळी पुरलेलं असे. आपल्या गंगेच्या मुखांतून निघालेला हा रोग जहाजांवरून, आगबोटींवरून त्या माळापर्यंत पोचला होता. पुष्कळदा थडग्यावर खूण ठेवायची नाही. वाटेतच पुरायचं आणि वरून गाड्या न्यायच्या, म्हणजे लांडगे उकरणार नाहीत. १८५२ साली दोन जुळ्या बहिणींनी मिळून एक डायरी लिहिली. तिच्यात रोजच्या मैलांबरोबर थडग्यांचे आकडे आहेत. आज सात नवी थडगी. आज इतकी. शोक नाही, उद्गार नाही, वाण्याच्या वहीसारखी नोंद.

“त्या असं करत नसत” या वाक्याने मला कादंबऱ्यांकडून या डायऱ्यांकडे ढकललं. बायकांनी वाटेवर लिहिलेल्या डायऱ्यांचे आणि पत्रांचे अकरा खंड छापलेले आहेत. त्यातले हाती लागले ते मी आणले. रात्री सगळे झोपले की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचे. खरं सांगायचं तर त्या बाईंना खोटं पाडायचं माझ्या मनात होतं. १८४७ साली इंडियानातून निघालेल्या एलिझाबेथ डिक्सन स्मिथच्या डायरीत, सप्टेंबर महिन्यात, मला हवं होतं ते सापडलं. तांडा निघायच्या वेळी एक बाई रागावून बसली. हलेना, मुलांनाही हलू देईना. नवऱ्याने बैल जुंपून तीन तास तिची मनधरणी केली. शेवटी बरोबरच्या पुरुषांनी एकेक मूल उचलून गाडीत कोंबलं आणि नवरा तिला तिथेच सोडून गाडी हाकत निघाला. ती उठली, उलट्या दिशेने चालू लागली, दिसेनाशी झाली. मग आडवाटेने येऊन तिने त्याला गाठलं. मधल्या वेळात त्याने आपल्या मुलाला मागे राहिलेला घोडा आणायला पाठवलं होतं. तो भेटला का, असं नवऱ्याने विचारलं. भेटला, ती म्हणाली, आणि मी दगड घेऊन त्याचं डोकं फोडलं. तो खरंखोटं बघायला धावला, तेवढ्यात तिने मालाने भरलेली एक गाडी पेटवून दिली. ज्वाळा बघून तो परत आला, आग विझवली आणि मग त्याने तिला मारलं.

म्हणजे करत होत्या.

मला आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. कादंबरीतली बाई दीड पान बोलते. या खऱ्या बाईच्या तोंडी त्या नोंदीत एकच उत्तर आहे, आणि ते खोटं. बाकी सगळं तिने पायांनी आणि काडीने सांगितलं. हे सगळं लिहून ठेवणारी एलिझाबेथ स्वतः मुलांना घेऊन चाललेली. या प्रसंगावर ती एका शब्दानेही आपलं मत देत नाही. बाईची बाजू घेत नाही, नवऱ्याचीही घेत नाही. दोन महिन्यांनी नोव्हेंबरात तीच लिहिते, की तान्हं कडेवर आणि दुसरं जवळजवळ उचलूनच, गुडघ्यापर्यंत बर्फ, चिखल आणि पाणी तुडवत ती चालली आहे. पोर्टलंडला पोचल्यावर गळक्या खोपटात आजारी नवऱ्याची शुश्रूषा. फेब्रुवारीत त्याला पुरलं त्या दिवशी ती लिहिते, जे फक्त विधवांनाच कळतं ते आता मला कळलं. आणि आणखी एका ठिकाणी: आम्ही जे सोसलं त्यातलं निम्मंही मी सांगितलेलं नाही, ते माझ्या आवाक्यातलं काम नाही. हे वाक्य मी वहीत उतरून घेतलं आणि दिवा मालवला. अंधारात बराच वेळ बसून राहिले.

अमेलिया स्टुअर्ट नाइटची डायरी मी आधी चाळली होती, पण नीट वाचली नव्हती. ९ एप्रिल १८५३ ला ती नवरा आणि सात मुलांसह आयोवातून निघाली. रोज लिहिते. पाऊस, चिखल, आज इतके मैल, गवत आहे की नाही, ओल्या लाकडांवर स्वयंपाक, आजारी मुलं. ऑगस्टमध्ये आठ वर्षांची लूसी मागेच राहून गेली. नदीच्या काठाखाली बसून ती दुसऱ्या गाड्या पार होताना बघत होती, आणि इकडे प्रत्येकाला वाटलं ती दुसऱ्या गाडीत आहे. कित्येक मैल पुढे गेल्यावरही कुणाच्या लक्षात आलं नाही. मागून आलेल्या तांड्याने तिला आणून सोडलं तेव्हा कळलं. पोर फार भेदरली होती, आणि अमेलिया लिहिते, आमच्यातलेही काहीजण. ‘काहीजण’. ‘मी’ असं ती लिहीत नाही. पुढे हूड पर्वताच्या अंगाने जाणारी शेवटची भयंकर वाट. त्या वाटेचं वर्णन माझ्या पेन्सिलीने करू जाणं व्यर्थ आहे, असं ती म्हणते. एका रात्री आजारी होते, सकाळी गाडीतून उतरता आलं नाही, एवढी एक नोंद. आणि मग सप्टेंबरात, डायरी संपता संपता, एक ओळ: काही दिवसांनी माझं आठवं मूल जन्मलं.

मी मागे जाऊन सगळी पानं पुन्हा बघितली. निघताना तिला चौथा महिना असणार. उन्हाळाभर, दोन हजार मैल, रोज दिवसाचं लिहिणाऱ्या या बाईने आपले दिवस एकदाही लिहिले नाहीत. चिखलात उतरून चालताना पोट कसं सांभाळलं, रात्री कुशीवर वळता येत होतं का, भीती वाटली का, नवऱ्याला कधी काही म्हणाली का. काही नाही. त्या ओळीनंतर लगेच कोलंबिया नदी होड्यांतून पार करायला तीन दिवस लागले, नवऱ्याने बैलांच्या दोन जोड्या देऊन जमीन घेतली, तिच्यात अर्धा एकर बटाटे आणि बिनखिडक्यांचं लाकडी घर. प्रवास संपला.

इथे मला माझी पत्रं आठवली. आईला कानाने कमी ऐकू यायचं, फोनवर आमचं बोलणं दोन वाक्यांत संपायचं, म्हणून मी तिला पत्रं लिहायची. दर पंधरा दिवसांनी एक. ती गेल्यावर भावाने सगळी पत्रं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून माझ्याकडे दिली. खलबत्ताही त्याच फेरीत आला. २००३ च्या मार्चमधलं एक पत्र आहे. चार पानं. पाऊस थांबत नाही. नवीन दुकानात बऱ्यापैकी कणीक मिळाली, पोळ्या मऊ होतात. शेजारच्या बाईंनी सफरचंदं दिली, मुरांबा केला. यांची तब्येत छान. ते पत्र लिहिण्याच्या नऊ दिवस आधी माझा गर्भ पडला होता, तिसऱ्या महिन्यात. दवाखान्यातून आल्यावर मी घरात एकटी होते. स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून होते, ती फरशी किती गार होती ते माझ्या मांड्यांना आजही आठवतं. पत्रात त्यातलं अक्षरही नाही. आईला कशाला काळजी, असा विचार मी केला होता का? केला असेन. पण खरं कारण ते नव्हतं. मला ते लिहिताच येत नव्हतं. कणकेबद्दल लिहिता येत होतं.

आईला सवय होती. आलेल्या पत्राच्या पाकिटावर मागच्या बाजूला ती पोचल्याची तारीख लिहायची, खाली उत्तर पाठवल्याची. डब्यातल्या प्रत्येक पाकिटावर या दोन तारखा आहेत. मार्चमधल्या त्या पाकिटावर दोन तारखांच्या मध्ये पेन्सिलीने बारीक दोन शब्द आहेत. ‘अक्षर बदललंय.’

तिने मला कधी विचारलं नाही. त्या पत्राच्या उत्तरात तिने मेतकुटाची कृती लिहून पाठवली होती आणि शेवटी, तिच्या पत्रात एरवी कधी नसायचं तसं, ‘तुला जवळ घेऊन बसावंसं वाटतं’ असं. मी तेव्हा ते नुसतं वाचून ठेवून दिलं.

तेव्हापासून ऐतिहासिक कादंबरीकडे मी याच नजरेने बघते आहे. अमेलिया लिहीत नाही म्हणून कुणीतरी लिहिलं पाहिजे, हे मला पूर्ण पटतं. पण ते कसं? आमच्या त्या महिन्याच्या कादंबरीत लेखिकेने नायिकेला आजच्या बाईची वाणी दिली. वाचताना बरं वाटतं, आपला राग कुणीतरी दीडशे वर्षं मागे जाऊन बोलून आल्यासारखं. मात्र त्यात ती बाई हरवते. तिला न बोलता किती आणि काय काय करावं लागत होतं, ते झाकलं जातं. याउलट काही लेखिका अशा भेटल्या की त्या नुसतं दाखवतात: पीठ मळणारे हात मधेच थांबले, बाईने गोधडीची टोकं उगीच दोनदा जुळवली, थडग्यांचा आकडा लिहिताना तिचे त्या दिवशीचे मैल लिहायचे राहून गेले. तिथे माझा श्वास अडकतो. अशा लेखिकांनी अक्षर बदललेलं ओळखलेलं असतं. शंभरात चार पुस्तकं अशी निघतील, पण त्या चारांसाठी बाकीची शहाण्णव वाचायला मी तयार आहे.

आता दुसरी गोष्ट, जी लिहायला मला जड जातं, कारण या कादंबऱ्यांवर माझं प्रेम आहे. मुखपृष्ठावरचं ते पिवळं गवत रिकामं नव्हतं. लॉरा इंगल्स वाइल्डर यांचं प्रेअरीवरच्या घराचं पुस्तक १९३५ साली आलं, त्यात त्या मुलखाबद्दल मूळ वाक्य असं होतं की तिथे माणसं नव्हती, फक्त ‘इंडियन’, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, राहत होते. एका वाचकाने लक्षात आणून दिल्यावर १९५३ च्या आवृत्तीत ‘माणसं’ काढून ‘वसाहतकरी’ घातलं. मधली अठरा वर्षं ते वाक्य कुणाला टोचलं नव्हतं. मी राहते त्या ट्वालाटिन नदीच्या खोऱ्यात कालापुया लोकांची एक शाखा राहत असे. एप्रिल-मे मध्ये इथल्या ओलसर कुरणांत कॅमासची निळी फुलं येतात, दुरून बघितलं तर तळं साचल्यासारखं वाटतं. त्या बायका टोकदार काठ्यांनी त्याचे कंद खणत, जमिनीत खड्डा करून, तापलेल्या दगडांवर ते एकदोन दिवस भाजत, आणि ते उसाच्या रसासारखे गोड होत. १८३० नंतरच्या तीनचार वर्षांत हिवतापाने त्यांच्यातली बहुतेक माणसं मेली. बैलगाड्या यायच्या आधीच. मग १८५० चा जमिनीचा कायदा आला. त्यात नवराबायकोला मिळून जमीन मिळे आणि निम्मी बाईच्या स्वतःच्या नावावर होई. लग्न झालेल्या बाईच्या नावावर जमीन, त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट होती. ती वाचून मी हरखले होते. पुढे वाचलं, की जादा जमिनीसाठी पुरुष तेरा-चौदा वर्षांच्या मुलींशी घाईघाईने लग्नं लावू लागले. आणि ती जमीन वाटताना ज्यांची होती त्यांच्याशी करार पुरे झालेलेच नव्हते. १८५६ पर्यंत उरलेल्या कालापुयांना ग्रँड रोंडच्या राखीव जागेत हलवलं. अमेलियाचे ते अर्धा एकर बटाटे कुणाच्या तरी कंदांच्या रानात उगवले होते, हे आता माझ्या मनातून जात नाही. तिच्याबद्दलची माया कमी झाली का? नाही झाली. दोन्ही एकदम वाटतं आणि ते तसंच राहतं.

कालापुया बाईची त्या काळची डायरी नाही. पण नेवाडाच्या पायूट लोकांतल्या सॅरा विनेमका हिने स्वतः लिहिलं, इंग्रजीत, आणि ते पुस्तक १८८३ साली बोस्टनला छापलं गेलं. त्याच वर्षी आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेत उतरल्या होत्या. सॅराने आपल्या लहानपणाची गोष्ट सांगितली आहे. गोरे लोक येताहेत अशी हाकाटी झाली. बर्फात अडकलेल्या एका तांड्याने माणसं खाल्ल्याची बातमी डोंगरांपलीकडून आलेली होती, त्यामुळे ते आपल्याला खातील अशी भीती. बायका मुलांना घेऊन पळत होत्या. सॅराला आणि तिच्या चुलत-मावस बहिणीला पळवेना. तिच्या आईने आणि मावशीने खड्डा खणून दोघींना मानेपर्यंत वाळूत पुरलं, तोंडावर ऊन पडू नये म्हणून सेजच्या झुडपांच्या फांद्या रोवल्या, रडलात तर मारून टाकतील असं सांगितलं आणि त्या निघून गेल्या. दिवसभर.

नदीकाठी विसरलेली लूसी आणि वाळूत पुरलेली सॅरा. एकीच्या गोष्टीवर कितीतरी कादंबऱ्यांची प्रकरणं उभी आहेत. दुसरी त्याच कादंबऱ्यांत झुडपामागे हललेली सावली म्हणून येते, आणि नायिका बंदुकीकडे हात नेते. तिने तर लिहूनही ठेवलं होतं. तिचं अक्षर बघायला पाकीट उघडावं असंही फारसं कुणाला वाटलं नाही.

एप्रिलच्या बैठकीला मी एलिझाबेथच्या डायरीतलं ते पान घेऊन गेले. गट पांगल्यावर बाईंना म्हटलं, तुम्ही मागे म्हणाला होतात ना, हे बघा. त्यांनी चष्मा बदलला, गाडी पेटवणाऱ्या बाईची नोंद शेवटपर्यंत वाचली. मला वाटलं होतं त्या वाद घालतील. त्या म्हणाल्या, “आमच्या घरात एक डायरी आहे. माझ्या पणजीच्या आईची. तिच्यात ऑगस्ट महिन्यात एक पान नाही. लहान असताना मी आजीला विचारायची, या पानावर काय होतं? तिने काही केलं होतं का? आजी म्हणायची, त्या असं करत नसत.” मग थोडं थांबून, “फाडलेलं नाही ते. कात्रीने कापलंय. अगदी सरळ.” हाताच्या दोन बोटांची कात्री करून त्यांनी हवेत ती रेघ दाखवली.

आम्ही दोघी दाराशी उभ्या होतो. पाऊस नव्हता. पार्किंगच्या कडेच्या ओल्या पट्ट्यात कॅमास फुललं होतं. माझ्या पिशवीत सॅराचं पुस्तक होतं, ते मी पुढच्या महिन्यासाठी सुचवणार होते आणि बैठकीत माझा धीर झाला नव्हता. ते मी त्यांच्या हातात दिलं, वाळूचं पान उघडून. त्या उभ्यानेच वाचू लागल्या. मध्येच वर न बघता त्यांनी विचारलं, “केवढी होती ही?”

“तीन-चार वर्षांची असेल.”

“आणि आई? ती आली का परत?”

“वाचा ना पुढे,” मी म्हटलं.

त्यांनी ओळीवर बोट ठेवलं आणि हळू आवाजात वाचलं. रात्र झालेली आहे. अंधारात कुजबुज ऐकू येते, पावलं जवळ जवळ येतात, मुलीचं काळीज तोंडाशी आलेलं आहे, आणि मग आईचा आवाज:

“इथेच आहे!”